आधी करिअर ठरवायचं, की आधी काम करून बघायचं?

वाटसरू
"तुझी आवड कशात आहे?" हा प्रश्न कॉलेजातल्या मुलांना विचारण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्याने कुठलंच काम जवळून पाहिलेलं नाही, तो सांगणार काय? तो आवडता विषय सांगतो. पण विषय आवडणं वेगळं आणि त्यातलं रोजचं काम आवडणं वेगळं. जीवशास्त्र आवडणाऱ्याला प्रयोगशाळेत दिवसभर एकसारखे नमुने तपासायला आवडेलच असं नाही. वकिली म्हटलं की डोळ्यांसमोर युक्तिवाद येतो. प्रत्यक्षात बराच वेळ कागदपत्रं वाचण्यात आणि मसुदे करण्यात जातो.

म्हणून कल चाचण्यांच्या मागे लागण्याआधी कामाचा छोटासा तुकडा स्वतः करून बघा. पत्रकार व्हायचंय? एखाद्या सभेला जा आणि त्याच रात्री बातमी पूर्ण करा. प्रोग्रॅमिंग? दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधून दुरुस्त करा, नोकरीत ते भरपूर करावं लागतं. शिक्षक? एखाद्या विषयाचा धसका घेतलेल्या मुलाला तोच विषय महिनाभर शिकवा. त्या कामातला कंटाळवाणा भाग आपल्याला सोसतो का, हे यातून कळतं. मजेचा भाग काय, सगळ्यांनाच आवडतो.

मृण्मयी
असहमत. चाचण्या इतक्या सहज झटकून टाकू नका. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही वापरात आहे. पुढे त्यातून आवडींचे सहा गट रूढ झाले: हातांनी करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, लोकांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन पटवून देण्याची आणि व्यवस्था लावण्याची. नीट वापरलेली चाचणी 'तू डॉक्टर हो' असं सांगत नाही, कोणत्या दिशेला शोधायचं ते सुचवते.

आणि शोधायला नावं तर माहीत हवीत! बहुतेकांना मोजकेच व्यवसाय ठाऊक असतात. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या मोफत संकेतस्थळावर ९०० हून अधिक व्यवसायांची माहिती आहे, आणि आवडीच्या गटावरून ती चाळता येते. ज्या कामाचं नावही ऐकलेलं नाही, ते करून कसं बघणार?

वाटसरू
नावं कळण्यापुरतं मान्य. पण मुलं तिथेच थांबतात. चाचणीचा निकाल हातात आला की शोध संपला असं त्यांना वाटतं, आणि माझा राग त्यावर आहे.

रात्रपाळी
तुम्ही दोघंही अशा विद्यार्थ्याबद्दल बोलताय ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे. कॉलेज सुटल्यावर थेट कामावर जाणाऱ्याने बिनपगारी इंटर्नशिप कधी करायची? डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ता कुणी भरायचा? मी शिकताना रात्रपाळी केली आहे, त्यामुळे 'करून बघा' हा सल्ला ऐकला की त्यामागचा खर्च मला आधी दिसतो.

माझं म्हणणं उलटं आहे. आधी लवकर पगार देणारं आणि चार ठिकाणी उपयोगी पडेल असं एक कौशल्य पक्कं करा: हिशेब, डेटा हाताळणं, स्वच्छ लिहिणं, एखादी परकी भाषा, यंत्रदुरुस्ती. काम जमायला लागलं की त्यात रस येऊ लागतो, हे मी स्वतःत आणि सोबतच्यांत पाहिलंय. पोटाची सोय झाल्यावर केलेला शोध जास्त धीराने होतो. तोवर आवड सापडली नाही म्हणून मुलांनी स्वतःला कमी लेखू नये, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे.

मृण्मयी
खर्चाचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण 'जमलं की आवडतं' हे सगळ्यांचं होत नाही. हिशेबात तरबेज होऊनही त्यात घुसमटणारी माणसं आहेत, आणि पगार वाढला की बाहेर पडणं अवघड होतं.

सायली
मी शेवटच्या वर्षाला आहे. मोकळा वेळ खरंच कमी आहे. फुकटात आणि थोड्या वेळात काय करता येईल?

वाटसरू
सायली, त्या कामातल्या माणसाकडे वीस मिनिटं माग. नोकरी मागू नकोस, माहिती माग. त्याला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. 'तुमचं क्षेत्र कसं आहे?' असं विचारलंस तर गुळगुळीत उत्तर मिळेल. त्यापेक्षा मागच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार काय काय केलं, ते विचार. हे काम सोडून गेलेले का गेले, तेही विचार. नुकताच रुजू झालेला एक आणि बराच अनुभव असलेला एक, दोघांशी बोल. दोघांचे आठवडे अगदी वेगळे निघतील.

रात्रपाळी
आणि पहिल्या वर्षी हातात किती पैसे येतात, हेही विचार. संकोच करू नकोस. सध्या कुठे अर्धवेळ काम करत असशील तर तिथेच दुसऱ्या विभागातलं एखादं काम मागून घे. पगार चालू राहतो आणि नवं काम बघायलाही मिळतं. वाटसरूंचं 'करून बघा' मला एवढ्याच अटीवर मान्य आहे.