प्रश्नमंजुषेतल्या एका प्रश्नाची शब्दरचना : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या फोंड्यातल्या वाचनालयात शाळकरी मुलांसाठी गोव्याच्या इतिहासावर प्रश्नमंजुषा आहे. एका प्रश्नावर आमचं एकमत होत नाही.

'गोवा किती वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होता?' उत्तर : 451. म्हणजे 1510 ते 1961. पण हे तिसवाडीपुरतं, म्हणजे जुन्या गोवा शहराच्या परिसरापुरतं खरं. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण हा नव्या काबिजादींचा (पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखाचा) भाग त्यांच्याकडे गेला अठराव्या शतकात! फोंड्याच्याच मुलांना 451 घोकायला लावायचं, हे मला पटत नाही. सहकारी म्हणतात, सगळीकडे हेच उत्तर छापलेलं असतं, मुलं गोंधळतील. त्यांचंही अगदीच चूक नाही.

'पोर्तुगीजांनी गोवा शहर पहिल्यांदा कोणत्या वर्षी घेतलं?' असं विचारलं तर? उत्तर 1510, वादाला जागा नाही. पण मग नव्या काबिजादींचा विषयच निसटतो, आणि तोच मुलांना कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

1967 च्या जनमत कौलाचा प्रश्नही तपासायचा आहे. पर्याय दोनच होते, महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित राहणं. 'घटक राज्यासाठी कौल' हे वाक्य मी काढलंय. ते राज्य 1987 मध्ये झालं.

पहिला प्रश्न सहावी-सातवीच्या मुलांना झेपेल, तरी अचूक राहील, असा कसा लिहाल?