नवऱ्याला एफटीडी आहे, कोणाशी बोलायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. माझं वय ५४, ह्यांचं ५९. मागच्या वर्षी निदान झालं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणजे एफटीडी. त्याआधी एका डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं घरात भांडणं होतात का. शेवटी एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा भाग आकसलेला दिसला तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं.

प्रॉब्लेम असा की ह्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. दहावीचे मार्क सांगतील, जुन्या स्कूटरचा नंबर सांगतील, नणंदेचा फोन आला की मस्त गप्पा मारतात आणि मग ती मला म्हणते वहिनी, दादा तर ठणठणीत आहे, तूच उगाच टेन्शन घेतेस. पण माणूस पार बदललाय हो. शेजारच्या काकांच्या तेराव्याला पंगतीत बसून परत परत जिलबी मागितली आणि काकूंनाच हसत हसत विचारलं, आता फ्लॅट विकणार का? मी तापाने फणफणले होते तेव्हा काय होतंय एवढंही विचारलं नाही, दारात उभं राहून नुसतं चहा चहा चहा. गोड इतकं लागतं की गुळाचा डबा मी वॉशिंग मशीनमध्ये लपवते. सासूबाईंचं म्हणणं, माझ्या मुलाला काही झालेलं नाही, बायकोच नीट बघत नाही.

एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे पण तिथे सगळे लिहितात आई मला ओळखत नाही, बाबा रस्ता चुकले. तिथे मी काय सांगू, हे आंघोळीहून तसेच बाल्कनीत जाऊन उभे राहतात ते? औषधांचं नको, डॉक्टर आहेत. रोजचं कसं निभवायचं, कोणाशी बोलायचं आणि घरच्यांना कसं पटवायचं, कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

डोंबिवलीकर
ताई, माझ्या बायकोला अल्झायमर आहे म्हणजे तुमच्यासारखं अगदी नाही, पण नातेवाईकांचं सेम टू सेम. समजावून सांगण्यात शक्ती घालवू नका. मेव्हणी मला रोज फोनवर शहाणपण शिकवायची, मग मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं तेव्हा हिला दोन रात्री तिच्याकडे ठेवली. परत आलो तर मेव्हणी दारातच, डोळे सुजलेले, म्हणाली भावजी तुम्ही रोज हे कसं करता? तेव्हापासून गुरुवारी ती स्वतः येऊन बसते आणि मी बाहेर पडतो, काही नाही तर स्टेशनपर्यंत चालून येतो. नणंदबाईंना बोलवाच, आणि पाहुणचाराला नाही, हे सांभाळायला. तुम्ही खरंच बाहेरगावी जा.

ग्रुप सोडू नका. चालवणाऱ्याला पर्सनल मेसेज करून विचारा, एफटीडीवालं अजून कोणी आहे का. असतंच, फक्त लाजेपायी गप्प बसतात. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया म्हणून संस्था आहे, १९९२ पासूनची, त्यांनाही विचारून बघा, बाहेरगावच्या कुटुंबाशी फोनवर ओळख झाली तरी पुष्कळ.

हिरवाई
ब्राह्मी आणि शंखपुष्पी चालू करा, रोज शब्दकोडं सोडवायला द्या. माझ्या मामांना खूप फरक पडला. आणि पॉझिटिव्ह राहा.

गोदाकाठ
@हिरवाई, कोडं हे माझ्याआधी सोडवतात. धन्यवाद.

अबोली
😀 ताई, हे असं उत्तर देता येतंय म्हणजे तुमच्यात अजून जीव आहे!

मी म्हापशाची, वृद्धांच्या होम व्हिजिटचं काम करते. आमच्या गोव्यात २००८ साली एक अभ्यास छापून आला होता, डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांचा. त्यात मुख्य काम डॉक्टरांचं नव्हतं, तिथल्याच माणसांना ट्रेनिंग दिलं होतं आणि ती घरी जाऊन सांभाळणाऱ्याचं ऐकायची, त्रासदायक वागणं कसं हाताळायचं ते सांगायची. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. म्हणजे ऐकणारं कोणी असणं ही चैन नाही, तुमच्या तब्येतीसाठीच ते लागतं. टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि पेशंटसाठीच करायचा असं नाही, तुम्ही स्वतःसाठी करा.

आता बारीकसारीक. ह्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही कारण समोरच्याला काय वाटेल हे कळणारा भागच आजारी आहे, मुद्दाम करत नाहीत. त्यापेक्षा आजूबाजूचं बदला. बाल्कनीला वर हाताला न लागेल अशी कडी, आंघोळीला जायच्या आधी कपडे दाराच्या आतल्या हुकला. गूळ पूर्ण बंद केलात तर दिवसभर शोधत राहतील, छोट्या डबीत चार खडे ठेवा आणि डबी त्यांच्या हाताशी. आणि पर्समध्ये व्हिजिटिंग कार्डासारख्या चिठ्ठ्या ठेवा, "माझ्या पतीला मेंदूचा आजार आहे, त्यामुळे ते असं बोलतात, कृपया राग मानू नका." दुकानात, बसमध्ये गुपचूप हातात द्यायची, तोंडाने सांगायला नको आणि त्यांच्यासमोर तर नकोच.

औषधांचं नको म्हणालात तरी एकच, अल्झायमरवाल्यांच्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा एफटीडीत सहसा उपयोग नसतो, काहींची अस्वस्थता उलट वाढते. ग्रुपवर कोणी सुचवली तर परस्पर सुरू करू नका.

हिशेबनीस
मी सीए, आमच्या घरात काकांना हेच होतं. कोणी पैशाचं बोललं नाही म्हणून लिहितो. एफटीडीत बऱ्याचदा पैशाचं नुकसान होतं, माणूस कोणालाही ओटीपी देऊन बसतो. त्यांच्या फोनमधल्या यूपीआयच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, बाकी दुसरीकडे. त्यांना कळतंय आणि सही करता येतेय तोवर खाती जॉइंट करून घ्या, नॉमिनेशन तपासा. कुलमुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका, देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं, आणि मग फ्लॅट विकायचा म्हटलं तर पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. हे लोकांना बँकेच्या काउंटरवर कळतं.

इन्कम टॅक्समध्ये ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट बघा (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी), त्यात डिमेन्शियाचं नाव आहे, पण न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त पाहिजे. साठच्या आत ४० हजारापर्यंत, साठ पूर्ण झाली की एक लाखापर्यंत. जुन्या रेजिममध्येच मिळतं.

गोदाकाठ
ओटीपीचं अगदी बरोबर, दिवाळीत एका "लकी ड्रॉ"वाल्याला पाठवून झालेत, मी घरात सांगितलंच नाही कोणाला. उद्या बँकेत जाते. नणंदेला मेसेज टाकलाय की पुढच्या आठवड्यात मुलाकडे बंगलोरला चाललेय, तू ये. अजून ब्लू टिक नाही 😐

अजून एक, ह्यांना आंघोळ घालायला बाई नाही चालणार, आता बायकांना काहीही बोलतात. नर्सिंग ब्युरोकडे पुरुष माणूस मिळतो का?

डोंबिवलीकर
मिळतो, पण फोनवर नुसतं डिमेन्शिया सांगितलंत तर ते पडून असलेला पेशंट समजून कोणालाही पाठवतात आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही. स्पष्ट सांगा, पेशंट चालता फिरता आहे, धडधाकट आहे, तोंडाला येईल ते बोलतो. शक्यतो थोडा वयस्कर मागा. पहिले काही दिवस नुसतं सोबत फिरायला पाठवा, आंघोळ नंतर.