मदत हवी आहे: तिसरीच्या वर्गात मासे ठेवू की ससा?

नमस्कार मंडळी,
मी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीला शिकवते, वर्गात ४६ मुलं. परिसर अभ्यासात प्राण्यांचा धडा झाल्यापासून मुलांनी पिच्छाच पुरवलाय, बाई आपण पण काहीतरी पाळू या ना. पालकांच्या ग्रुपवर सहज विचारलं तर एक जण सशांची जोडी द्यायला तयार, एकांकडे दोन फुटी काचेची टाकी पडून आहे आणि एका आजोबांनी पिंजऱ्यासकट पोपट देतो म्हणून निरोप धाडला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या ठेवा, पण जबाबदारी तुमची.

आता अडचणी. वर्ग वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे, दुपारी नुसती भट्टी. माझा वर्ग सकाळचा, दुपारी तिथेच सातवी बसते आणि संध्याकाळी शिपाईमामा मेन स्विच पाडून कुलूप लावतात. शनिवारी अर्धा दिवस, रविवार बंद, दिवाळीची सुट्टी वेगळीच. मे महिन्यात मी घरी नेईन, ते माझं मी बघते. बजेट हजार-दीड हजार, तेही माझ्याच पर्समधून. कोणी केलंय का असं? ससा की मासे?

प्रतिसाद १:
ससा नको बाई, हात जोडते. आमच्याकडे आहेत म्हणून सांगतेय. तिशीच्या वर पारा गेला की ते धापा टाकायला लागतात, पत्र्याखाली तर विचारूच नका. गाजर वगैरे कार्टूनमध्ये, खरं खाणं सुकं गवत, तेही दिवसभर समोर लागतं कारण दात आयुष्यभर वाढत राहतात. मुलांच्या हातातून निसटून पडला तर पाठीचा कणा जातो. आणि जोडी?? महिन्याभरात पिल्लं, मग ती कोणाच्या गळ्यात मारणार!
पोपटाचं आजोबांना गोड शब्दांत नाही सांगा. आपल्याकडचे पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, शाळेत ठेवलात तर उगाच तुमच्या डोक्याला ताप.

प्रतिसाद २:
+१, आणि उद्या कोणी चांदणी कासव आणून दिलं तर तेही त्याच कायद्यात बसतं. बाकीच्या कासवांमुळे साल्मोनेलाची (पोट बिघडवणाऱ्या जंतूंची) भीती असते, अमेरिकेत म्हणूनच १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळायला विकायला बंदी आहे.

प्रतिसाद ३:
मासे जमतील पण त्या मेन स्विचचा आधी विचार करा. फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरिया वाहत्या पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, रोज रात्रभर बंद राहिला तर ते मरतात आणि सकाळी चालू केला की ती सगळी घाण टाकीत. त्यापेक्षा फिल्टरच नको, भरपूर पाणवनस्पती आणि पाचसहाच गप्पी, सगळे नर घ्या नाहीतर दिवाळीपर्यंत शंभर होतील. नळाचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच घाला किंवा अँटिक्लोरीनचे (पाण्यातलं क्लोरीन घालवणारे) थेंब टाका. दर आठवड्याला पाव टाकी बदला, अख्खी कधीच नाही. दोन फुटी टाकी भरली की पन्नास किलोच्या वर जाते, बाकावर ठेवू नका.
खरा धोका उपासमारीचा नाही, लाडाचा आहे. ४६ मुलांनी एकेक चिमूट टाकली की दोन दिवसांत पाणी सडलं! खाण्याची डबी तुमच्या कपाटात कुलपात, रोज एकच मूल, एकच चिमूट. रविवारी उपास चालतो, दिवाळीत मात्र टाकी कोणीतरी घरी न्यायला हवी.

प्रतिसाद ४:
सगळे पाळण्याच्याच मागे का लागलेत? शाळेत कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड असेल तर पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी छोटी अळी शोधा. मोठी झाली की हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून शिंगं काढून वास सोडते, मुलं वेडी होतात. बरणीला जाळीचं कापड, रोज ताजी पानं, विष्ठा झटकायची, बास. दोनेक आठवड्यांत कोष, मग फुलपाखरू, ते सोडून द्यायचं. सुट्टीचा प्रश्नच मिटला, खर्च शून्य. हिवाळ्यात नको, कोष महिनोन्महिने तसाच बसतो. कधीकधी कोषातून गांधीलमाशीसारखा परजीवी कीटक निघतो, मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर रडारड.

धागाकर्ती:
ससा कॅन्सल, आजोबांना फोन केला, थोडे रुसले. कढीपत्ता आहे आमच्या पाण्याच्या टाकीजवळ! आधी अळ्या करते, मासे जूननंतर बघू. एकच विचारायचं राहिलं, सातवीची मुलं येण्याआधी बरणी रोज ऑफिसात हलवावी लागेल, कोषाला चालेल का?

प्रतिसाद ४:
चालेल. फक्त नुकताच झालेला कोष मऊ असतो, तो पहिला दिवस हलवू नका, त्या दिवशी सातवीच्या बाईंना सांगून ठेवा. नंतर काडीसकट न्या, हात लावू नका. आणि बरणी उंच घ्या, बाहेर आल्यावर पंख लोंबत वाळवायला जागा लागते.