दगडी घराच्या आतल्या खोलीत वायफायचा वेग पडतो

प्रश्न:
नमस्कार. सोलापूरच्या साखर पेठेतील आमचे घर जुने, दोन-दोन फुटी दगडी भिंतींचे आहे. फायबरची जोडणी १०० एमबीपीएसची असून राउटर ओसरीत, लोखंडी कपाटामागच्या फळीवर ठेवला आहे. ओसरीत फोनवर ९० च्या आसपास वेग मिळतो. आतल्या खोलीत मात्र तो ४-५ वर येतो आणि मुलीचा ऑनलाइन वर्ग सुरू असताना शिक्षकांचे चित्र गोठून नुसता तुटका आवाज येत राहतो. तक्रार केल्यावर ३०० चा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला. तो घ्यावा का?

पहिले उत्तर:
कृपया घेऊ नका. आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. ९४ च्या आसपास आला, तर बाहेरून येणारी जोडणी चोख आहे (राउटरचे केबल खोचायचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असेल, तर याहून अधिक दिसत नाही) आणि वेग घरातच अडतो आहे, असे समजावे. वायफाय ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. २.४ च्या लहरी अधिक दूर जातात. पण पेठेत घराला घर लागून असल्याने २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते. त्या पट्ट्यातले १, ६ आणि ११ हे चॅनेल (उपविभाग) एकमेकांवर येत नाहीत. त्यांतला कमी गर्दीचा निवडावा. राउटर कपाटामागून तर आजच काढा, कारण लोखंड लहरी परतवते.

दुसरे उत्तर:
बाळीवेशीतल्या आमच्या घरी हे सगळे करूनही भिंत आडवी आलीच. रिपीटर (आलेला वायफाय सिग्नल पुढे पाठवणारे यंत्र) आतल्या खोलीत लावला, पण त्याच्यापर्यंतच क्षीण सिग्नल पोहोचत असल्याने तो पुढे तरी काय देणार? शेवटी केबल माळवदावरून नेऊन साण्यातून (माळवदातल्या झरोक्यातून) आत उतरवली आणि तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले नेट वायफायने देणारे यंत्र) म्हणून, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद करून, जोडला. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात साध्या केबलचे आवरण तडकते, म्हणून बाहेर वापरायचीच केबल घ्या आणि ती पीव्हीसी पाइपातून न्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. केबलने वेग ९४ आला. राउटर कपाटामागून काढून मधल्या दारासमोर उंचावर ठेवल्यावर आतल्या खोलीत १८ मिळू लागला, त्यामुळे वर्ग आता बऱ्यापैकी चालतो. प्लॅन तोच ठेवला आहे. माळवदावरून माप घेतले, १६ मीटर केबल लागेल. रविवारी ती ओढून घेतो.