ईईजीत ‘शार्प वेव्ह’ आली म्हणजे फिटचाच आजार का?

प्रश्न (सिडको, नाशिक)
आमचे हे ४६ वर्षांचे, सीबीएस ते नाशिकरोड रिक्षा चालवतात. मागच्या महिन्यात द्वारका चौकात भर उन्हात रांगेत घेरी येऊन पडले. सकाळपासून नुसत्या चहावर होते. मी वळेपर्यंत खाली! चेहरा पांढराफटक, अंग घामाने ओलं, हात दोन-तीनदा झटकले. मिनिटभरात उठून “रिक्षा कुठंय?” म्हणाले. ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) ‘डाव्या टेम्पोरल भागात शार्प वेव्ह’ आलं आणि फिटची गोळी चालू झाली. पडले कसे, हे मला कुणी विचारलंच नाही. रिक्षा दारात उभी आहे. गोळी थांबवू का?

उत्तर १ (ईईजी टेक्निशियन, गंगापूर रोड)
ताई, गोळी मनाने थांबवू नका. खरंच आजार असला तर एकदम बंद केल्यावर जोराची फिट येऊ शकते. रिक्षाही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

मी १९ वर्षं ईईजी काढते. केसांत पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, दिवा मंद केला की बऱ्याच जणांना डुलकी लागते. त्या डुलकीत, बहुधा तिशी ओलांडलेल्यांना, कानशिलाच्या (टेम्पोरल) भागात टोकदार लाटांची रांग उठते, सेकंदाला ६ ते ११, कमानींसारखी. त्याला विकेट स्पाइक म्हणतात, तो आजार नव्हे. रांग असली तर ओळखू येते. एकच लाट सुटी आली की भलेभले फसतात. फिटच्या स्पाइकमागे बहुधा एक रुंद, मंद लाट येते, विकेटमागे ती नसते. म्हणून मी ‘पेशंट पेंगतोय’ हे त्याच सेकंदाला टिपून ठेवते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने पेशंट पाहिलेला असतोच असं नाही.

यांचं तेच आहे, असं मी रेकॉर्डिंग न बघता म्हणणार नाही. नुसता कागद नको, पूर्ण रेकॉर्डिंग मागा आणि फिटचं काम बघणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. साध्या घेरीतही हात झटकतात, त्यामुळे वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगा. ईसीजी आणि झोपून-उभं राहून बीपीही करून घ्या.

उत्तर २ (इंदिरानगर)
माझ्या १५ वर्षांच्या लेकीच्या रिपोर्टात ‘१४ आणि ६ पॉझिटिव्ह स्पाइक’ नावाच्या टोकदार लाटा होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी रेकॉर्डिंग पाहून सांगितलं, या वयात पेंगताना दिसतात, औषध नको. तोवर आम्ही तिचं पोहणं बंद केलं होतं.

प्रश्नकर्ती
रेकॉर्डिंग मिळालं, शनिवारी दाखवायचंय. रसवाल्या काकांनी यांना पडताना धरलं होतं, त्यांना विचारून आले. आधी भिंत चाचपडत होते, “डोळ्यापुढं अंधार आला” म्हणाले, मग कोसळले. हेही सांगू ना?

उत्तर १
हेच आधी सांगा. जमलं तर काकांचा फोन नंबरही जवळ ठेवा.