मदत हवी आहे: गाडी उभी असताना बॅटरी उतरते

घरीच नवीन म्युझिक सिस्टिम आणि सीटखाली अँप्लिफायर बसवल्यापासून गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी इतकी उतरते, की किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू येते. बॅटरीची लोड टेस्ट (भार देऊन घेतलेली चाचणी) व्यवस्थित आली असून इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट मिळतात, त्यामुळे अल्टरनेटरवर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर) माझा संशय नाही.

दारे लॉक करून 40 मिनिटांनी निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला, तेव्हा 310 मिलिअँपिअर प्रवाह दिसला. तो साधारणपणे 50 च्या आत असायला हवा. एकेक फ्यूज काढून पाहताना आतील दिवे व सिस्टिम यांचा सामाईक फ्यूज काढताच आकडा 25 वर आला. डिकीत मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून तिथला दिवा विझतो, याची खात्री केली आहे. सिस्टिमची पिवळी तार कायमच्या सप्लायला आणि लाल तार किल्लीच्या सप्लायलाच जोडलेली आहे, आणि किल्ली काढताच स्क्रीनही बंद होतो.

पिवळी तारही किल्लीच्या सप्लायवर घेतल्यास घड्याळ व स्टेशने दर वेळी पुसली जातील, म्हणून तो उपाय मला नको आहे. सिस्टिमच आतून चालू राहते, की निळ्या-पांढऱ्या तारेमुळे (सिस्टिमकडून अँप्लिफायरला चालू होण्याचा संकेत देणाऱ्या) अँप्लिफायर जागा राहतो, हे डॅशबोर्ड पुन्हा न उघडता केवळ मल्टिमीटरने कसे ओळखावे?