कपोसी सार्कोमा या कर्करोगाचे ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे) ऊतिपेढीकडून मागवायचे आहेत. अर्जात नेमकं काय लिहावं?

प्रश्न – पेशी_आणि_विषाणू
एचआयव्हीबाधितांच्या कपोसी सार्कोमात तो घडवणाऱ्या केएसएचव्ही विषाणूची कोणती जनुकं चालू असतात, हे आरएनए सिक्वेन्सिंगने पाहायचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची एसीएसआर (एड्स अँड कॅन्सर स्पेसिमेन रिसोर्स) ही ऊतिपेढी १९९४मध्ये सुरू झाली, मंजुरी मिळाली की संशोधकांना नमुने देते. तिथे अर्ज करतोय. पॅराफिन ब्लॉक (फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणात बसवलेली ऊती) मागू की गोठवलेली ऊती? किती सेक्शन, म्हणजे पातळ काप, पुरतील?

उत्तर – मायक्रोटोम
अख्खा ब्लॉक मागू नका, मिळणार नाही. त्वचेची पंच बायोप्सी जेमतेम ३-४ मिमीची असते आणि तोच ब्लॉक पुढे इतरांनाही लागतो. सेक्शनच मागा, पण सगळे एकाच बैठकीत कापून घ्या. ब्लॉक पुन्हा काप काढायच्या यंत्रावर चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच ऊती वाया जाते.

क्रम लिहूनच द्या: आधी ४ मायक्रॉनचा एक एच-अँड-ई (ऊतीची रचना दाखवणारा नेहमीचा रंग दिलेला काप), मग एलएएनए (केएसएचव्हीचं एक प्रथिन) स्टेनसाठी दोन स्लाइड, त्यानंतर आरएनएसाठी १० मायक्रॉनच्या चार ते सहा गुंडाळ्या (गुंडाळलेले काप) निर्जंतुक नळीत, शेवटी पुन्हा एक एच-अँड-ई. पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर गाठ दिसली तर मधल्या गुंडाळ्यांतही ती असेल असं धरता येतं. पॅच (सपाट डागाच्या) अवस्थेत बाधित पेशी विरळ असतात. तो नमुना घेतलात तर बहुतेक आरएनए साध्या त्वचेचाच निघेल. नोड्युलर (उठलेल्या गाठीच्या) अवस्थेचे मागा.

प्रत्येक ब्लॉकला नवं पातं हवं, आणि दोन ब्लॉकच्या मध्ये ऊती नसलेला कोरा पॅराफिन ब्लॉक कापून त्याची गुंडाळीही मागा. त्यात विषाणू सापडला, तर कापताना एका रुग्णाचा नमुना दुसऱ्यात गेला असण्याची शक्यता आहे. विषाणूच्या कामात ही तपासणी टाळूच नये.

उत्तर – आरएनए_बाकावरून
फॉर्मालिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात. म्हणून आरएनएच्या टोकाच्या पॉली-ए शेपटीवर आधारलेली लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) करू नका. बहुतेक तुकड्यांना ती शेपटी उरलेलीच नसते. रायबोसोमल आरएनए काढून टाका किंवा विषाणूच्या जनुकांसाठी प्रोब (नेमके तेच तुकडे पकडणारे छोटे धागे) वापरा. डीव्ही२००, म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या नमुन्यावर पैसे घालू नका. पीसीआरने पडताळताना अँप्लिकॉन (पीसीआरने वाढवायचा तुकडा) १०० बेसपेक्षा लहान ठेवा.

या गाठींत रक्त साकळलेलं असतं आणि त्यातलं हीम (रक्ताचा लोहयुक्त घटक) पीसीआर अडवतं. निकाल कोरा आला की आधी नमुना दहापट पातळ करून पाहा. आता सिग्नल आला, तर अडथळा हीमसारख्या घटकाचा होता.

गोठवलेल्या ऊतीत आरएनए चांगला टिकतो, पण फॉर्मालिनने एचआयव्ही निष्क्रिय होतो तसा तिथे होत नाही. ती संसर्गजन्य धरूनच हाताळावी लागते, त्यासाठी जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवी. पार्सल कोरड्या बर्फात येतं. वाटेत अडकलं आणि बर्फ उडून गेला तर नमुना संपला. सुरुवात पॅराफिनने करा.

उत्तर – नोंदवही
नमुन्याइतकीच त्याची माहिती महत्त्वाची, आणि अर्जात नेमकी तीच राहून जाते. ‘सीडी४’ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) एवढंच लिहू नका. बायोप्सीच्या वेळची संख्या वेगळी मागा, आजवरची सर्वांत कमी वेगळी. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू झाल्याची तारीख आणि बायोप्सीची तारीख यांतलं अंतर हवंच: उपचार सुरू केल्यावर काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती सावरताना गाठी उसळू शकतात, आणि त्या नमुन्यातली दाहाची जनुकं वेगळंच चित्र दाखवतील. आधी केमो झाली होती का, ब्लॉक किती जुना, फॉर्मालिन बफर केलेलं होतं का, त्यात ऊती किती तास होती, हेही विचारा. जिथे नोंद नाही तिथे ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिहून मागा. रिकामा रकाना पुढे कुणीतरी शून्य समजतो.

तुलनेसाठी एचआयव्ही नसलेल्या रुग्णांचे क्लासिक कपोसीचे (एचआयव्हीशी संबंध नसलेल्या प्रकाराचे) नमुने घेणार असाल तर जपून. ते रुग्ण बहुधा वयस्कर असतात आणि गाठी पायांवर असतात. वय आणि शरीरावरची जागा जुळवली नाहीत, तर दिसलेला फरक एचआयव्हीचा की वयाचा, हे सांगता येणार नाही.